आडनांवांतलें गांव

मनुष्य एक गांव सोडून दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड करतो तेव्हां त्याच्यापुढें पहिला प्रश्न जागेचा, दुसरा पोटाचा व तिसरा मुलांच्या शाळेचा उभा राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. हे तीनहि प्रश्न खरे आहेत. परंतु पैसा आणि खटपट यांच्या जोरावर ते आज ना उद्यां सुटतात. चौथा एक प्रश्न असा आहे कीं, तो बिऱ्हाड लागून भांडींकुंडीं फळीवर चढल्यावरच जाणवूं लागतो. जुन्या गांवांत पारावर बसलेला म्हातारा केवळ आपल्या चालण्यावरून आपल्या आजोबांचें नांव सांगत असे. नव्या गांवीं जिन्यांत रोज भेटणारा शेजारी चार वर्षांनीं विचारतो, ‘आपण तिसऱ्या मजल्यावरचे ना?’ गांवांत आपण कोण हें कोणास सांगावें लागत नव्हतें. शहरांत तें सांगावें लागतें, आणि कित्येकदां सिद्धहि करून द्यावें लागतें. स्थलांतराचें खरें ओझें हेंच होय, असें आम्हांस वाटतें.

हा विचार आमच्या मनांत कसा आला तें सांगतों. आमचें मूळ घराणें अलिबाग तालुक्यांतील. वडील नोकरीनिमित्त मुंबईस आले आणि आम्ही कॉलेजांतील अध्यापनाच्या निमित्तानें ठाण्यास स्थायिक झालों. ठाण्यास टेंभी नाक्याजवळ यहुदी लोकांचें जुनें प्रार्थनामंदिर आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांशीं एकदां सहज बोलणें झालें. त्यांचें आडनांव ऐकून आम्ही थबकलों; कारण तें आमच्या गांवापासून दोन कोसांवरील एका खेड्यावरून पडलेलें होतें. ‘आपण तिकडचेच काय?’ असें आम्हीं विचारतां ते हंसून म्हणाले, ‘आडनांव तेवढें तिकडचें. आम्हीं तें गांव पाहिलेलें नाहीं. आमच्या वडिलांनींहि पाहिलें नव्हतें.’ ज्या गांवाची वाटहि ठाऊक नाहीं त्याचें नांव पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवावें, याचें आम्हांस नवल वाटलें. आणि ज्या जिल्ह्यास पूर्वीं कुलाबा व १९८१ पासून रायगड म्हणतात, त्याच्या किनाऱ्यावरून मुंबईस गेलेल्या ह्या लहानशा समाजाचा इतिहास एकवार पाहावा असें मनानें घेतलें.

हा समाज म्हणजे बेने इस्रायल, अर्थात् इस्रायलचीं लेकरें. त्यांची परंपरागत कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेच्या उत्तरेस नवगांवापाशीं फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांस जेथें मूठमाती दिली ती जागा नवगांवास आजहि दाखवितात. हें केव्हां घडलें यासंबंधीं विद्वानांत एकमत नाहीं, व त्या वादांत शिरण्याचें येथें कारणहि नाहीं. इतकें खरें कीं, पोथ्या, पुरोहित व मूळची भाषा यांपैकीं कांहींच जवळ नसलेले हे लोक किनाऱ्यावरच्या खेड्यांत पांगले, मराठी बोलूं लागले आणि त्यांनीं तेलाचे घाणे घातले. मोशेचा मुसाजी झाला, अब्राहामचा आबाजी झाला, शमुवेलचा समाजी झाला. तरीहि कांहीं गोष्टी त्यांनीं सोडल्या नाहींत. मुलाची सुंता आठव्या दिवशीं होई. खवले नसलेला मासा चुलीवर चढत नसे. ‘शेमा’ ही एक इब्रानी प्रार्थना, अर्थ विसरला तरी, तोंडीं राहिली. आणि शनिवारीं घाणा फिरत नसे. शेजारच्या लोकांनीं त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें तें याच कारणानें.

ह्या नांवाचा थोडा विचार करण्यासारखा आहे. गांवानें त्यांची ओळख ठरविली ती त्यांच्या धर्मग्रंथावरून नव्हे, तर आठवड्यांतून एक दिवस बंद राहणाऱ्या घाण्यावरून. तुम्ही कोठून आलां, तुमचा ग्रंथ कोणता, त्याला पुरावा काय, असें कोणी विचारलें नाहीं. कोंकणच्या गांवगाड्यांत जशा अनेक जाती, तशीच ही एक, एवढ्यावर सर्वांचें समाधान होतें. परंतु गांवच्या ह्या ओळखीची दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. गांव ज्यास ओळखतो त्यास तो एका जागीं खिळूनहि ठेवतो. तेल्याचा मुलगा तेलीच व्हावयाचा, त्याचा शब्द तेल्याच्याच मोलाचा धरावयाचा, हा गांवचा नियम त्यांनाहि लागू होता. तेव्हां गांव म्हणजे नुसती माया व शहर म्हणजे नुसता परकेपणा, असें मानणें हें इतिहासास धरून होणार नाहीं.

अठराव्या शतकाच्या मध्यास, १७४६ च्या सुमारास, पहिलीं कांहीं कुटुंबें मुंबईस आल्याचें सांगतात. किनाऱ्यावर त्या काळीं आंग्र्यांचा अंमल होता. समोरच्या बेटावर कंपनी सरकारचें बंदर वाढत होतें, तेथें गोदींत सुताराला काम होतें आणि पलटणींत शिपायाला रोख पगार होता. मचव्यांत बसलें म्हणजे भरतीवाऱ्याच्या मेहेरबानीनें मुंबई गांठतां येई. अंतर थोडें, परंतु पालट केवढा! काल जो घाण्याच्या बैलामागें चालत होता तो आज गणवेष घालून कवाईत करूं लागला. कंपनीच्या मुंबई सैन्यांत ह्या समाजाचे लोक पुढें सुभेदार-जमादारांच्या हुद्यांपर्यंत मोठ्या संख्येनें चढले, आणि पेन्शन घेऊन मांडवी-डोंगरीकडच्या गल्ल्यांत राहूं लागले.

त्यांतील सामुएल इझिकिएल दिवेकर, अर्थात् समाजी हसाजी, यांची कथा प्रसिद्ध आहे. म्हैसूरच्या लढाईंत ते टिपूच्या कैदेंत सांपडले. तुम्ही कोण, असें विचारलें असतां त्यांनीं आपण बेने इस्रायल असें सांगितलें. तें नांव कुराणांत आहे हें जाणून टिपूच्या आईनें त्यांस जीवदान देवविलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेंत पदरचें किती हें ठरविणें कठीण. पण समाजानें ही गोष्ट दोनशें वर्षें जपून ठेवावी यांत एक खूण आहे. घरापासून शेंकडों कोस दूर, जेथें चौलहि कोणी ऐकलेलें नाहीं व अलिबागहि नाहीं, तेथें एका माणसास आपण कोण हें प्रथमच तोंडानें सांगावें लागलें, आणि त्या उत्तरावर त्याचा प्राण अवलंबून होता. सुटून आल्यावर दिवेकरांनीं १७९६ सालीं मांडवींत प्रार्थनामंदिर बांधलें. त्याचें इब्रानी नांव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार. लोक मात्र त्यास मराठींत ‘मशीद’ म्हणत, आणि पुढें दुसरें मंदिर झाल्यावर ‘जुनी मशीद’ म्हणूं लागले. ज्या रस्त्यावर तें उभें आहे त्यास सामुएल स्ट्रीट हें नांव पडलें. रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचें नांवहि ह्या मशिदीवरूनच आलें, असें सांगतात. दिवेकर कोचीनला धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणावयास गेले आणि तेथेंच १७९७ सालीं वारले.

कोंकणांत हा समाज कित्येक शतकें राहिला, पण तेथें एकहि प्रार्थनामंदिर उभें राहिलें नाहीं; मुंबईस येऊन अर्धशतक होतें न होतें तोंच तें उभें राहिलें. खेड्यांत मंदिराची गरज भासली नव्हती, कारण ओळख टिकविण्यास बंद घाणा पुरेसा होता. मुंबईंत शनिवारीं कोणाचा घाणा बंद आहे हें पाहावयास कोणास फुरसत! तेथें ओळखीला भिंती हव्यात, दरवाजा हवा, दरवाजावर अक्षरें हवींत. आणि शहरानें शिकविलेला हा धडा मग उलट पावलीं गांवीं गेला. रेवदंडा, अलिबाग, पनवेल व पेण येथील प्रार्थनामंदिरें मुंबईच्या मंदिरानंतर चाळीस-पन्नास वर्षांनीं व त्याहूनहि मागाहून झालीं आहेत. अलिबागचें ‘मागेन आबोथ’ १८४८ चें. १९१० सालीं तें नव्यानें बांधलें. तें ज्या आळींत आहे ती इस्रायल आळी. म्हणजे गांवानें शहरास माणसें दिलीं, आणि शहरानें गांवास त्याच माणसांची नवी ओळख परत पाठविली.

शिक्षणाच्या बाबतींतहि हेंच घडलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मिशनऱ्यांनीं किनाऱ्यावर व मुंबईंत मराठी शाळा काढल्या. पुढें डॉक्टर जॉन विल्सन यांनीं मराठींतून इब्रानीचें व्याकरण लिहिलें. मिशनऱ्यांचा उद्देश ह्या लोकांस ख्रिस्ती करण्याचा होता. फळ मात्र भलतेंच आलें. बायबलाचा जुना भाग मराठींत वाचावयास मिळतांच आपले सण कोणते, आपले पूर्वज कोण, हें ह्या लोकांस कळूं लागलें, आणि ते अधिकच पक्के यहुदी झाले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनीं पूजाविधि शिकविले. १८४६ सालीं मुंबईंत वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ सालीं पुण्यास निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या लुगड्यांत दाखविल्या आहेत. कीर्तनाची रीतहि त्यांनीं उचलली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनीं अब्राहाम-योसेफांचीं आख्यानें मराठींत लावलीं. शहरांत येऊन हे लोक आपलेपणा विसरले नाहींत, इतकेंच नव्हे तर तो तेथेंच शिकले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु शहरानें एक कडू घोटहि पाजला. बगदादहून व्यापारासाठीं आलेले धनाढ्य यहुदी मुंबईंत राहूं लागले होते. प्रथम दोघेहि एकाच मंदिरांत प्रार्थना करीत व एकाच दफनभूमींत विसावत. पण मराठी बोलणारे, तेल्यांच्या वंशांतले हे लोक खरे यहुदी कशावरून, असा संशय बगदाद्यांच्या मनांत शिरला. १८३६ सालीं दफनभूमींत दोघांच्या मध्यें भिंत घालून मिळावी असा अर्ज त्यांनीं सरकारकडे केला. कोंकणांत जें मराठ्यानें, ब्राह्मणानें किंवा मुसलमानानें कधीं विचारलें नाहीं, तें शहरांत स्वधर्मीयानें विचारलें! आणि तेंहि जिवंतपणीं नव्हे, तर मेल्यावर कोठें निजावें ह्या प्रश्नाच्या निमित्तानें. त्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ह्या समाजांतहि गोरे व काळे इस्रायल असा भेद होता, आणि गोऱ्यांनीं काळ्यांस बेटीव्यवहारापासून दूर ठेवलें होतें. भिंती घालण्याची हौस एका जातीचीच असते असें नाहीं.

ह्या अपमानास समाजानें जें उत्तर दिलें तें आम्हांस फार बोधप्रद वाटतें. मूळ किहीमचे, १८३० सालीं जन्मलेले हाईम सामुएल किहीमकर यांनीं १८७५ मध्यें आपल्या मुलांसाठीं शाळा काढली. तींत मराठी, इंग्रजी व इब्रानी एकाच छपराखालीं शिकवीत. तीच पुढें सर एली कदूरी यांच्या देणगीमुळें माझगांवीं मोठ्या इमारतींत गेली, आणि तिच्या मुख्याध्यापिकेच्या जागेवर रिबेका रूबेन यांसारखी विदुषी अनेक वर्षें होती. किहीमकरांनीं समाजाचा इतिहासहि लिहिला. तो १८९७ च्या सुमारास पुरा झाला, पण छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. तोंपर्यंत ग्रंथकाराला जाऊन एकोणतीस वर्षें झालीं होतीं. गांवीं ज्यांना इतिहास लिहिण्याची गरज पडली नाहीं त्यांना शहरांत तो लिहावा लागला, हीच गोष्ट आम्ही आरंभापासून सांगत आहों.

सैन्यांतील पलटणींची रचना जातवार होऊं लागल्यावर शिपाईगिरीची वाट अरुंद झाली, आणि हा समाज कचेऱ्या, रेल्वे, इस्पितळें व शाळा यांकडे वळला. कारकुनाला पलटणीची बराक मिळत नाहीं. त्याला भाड्याची खोली पाहावी लागते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला तो प्रथम मांडवींतच. दाट वस्तीची भीति लोकांच्या मनांत बसली. १८९८ सालीं स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें उत्तरेकडे नवे रस्ते व नव्या वस्त्या आंखल्या. जुन्या मशिदीभोंवतालचीं बिऱ्हाडें हळूहळू भायखळा, आग्रीपाडा, जेकब सर्कल इकडे सरकलीं, आणि त्यांच्यामागून नवीं मंदिरेंहि तेथें उभीं राहिलीं. ठाण्यास १८५३ पासून आगगाडी होती, व १८७९ सालींच तेथें ‘शार हाशामायिम’, म्हणजे स्वर्गद्वार, बांधलें गेलें. उपनगरांत राहून मुंबईंत चाकरी करण्याचा जो क्रम आज लक्षावधि कुटुंबांच्या अंगवळणीं पडला आहे, तो ह्या लोकांनीं फार लौकर उचलला. आज हिंदुस्थानांतील यहुद्यांची सर्वांत मोठी वस्ती ठाण्यास आहे.

१९३७ सालीं डॉक्टर एलिजा मोझेस राजपूरकर मुंबईचे महापौर झाले. वरळीच्या बाजूस डॉक्टर ई. मोझेस ह्या नांवाचा रस्ता आजहि आहे. त्या रस्त्यानें जाणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल कीं, त्या परक्या वाटणाऱ्या नांवापुढें एक आडनांव होतें आणि तें जंजिऱ्यासमोरच्या राजपुरीची आठवण देतें? पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, नवगांवकर, झिराडकर, वाकरूळकर: हीं आडनांवें एकापुढें एक मांडलीं तर किनाऱ्याचा नकाशाच तयार होतो. अशीं शंभराहून अधिक आडनांवें ह्या समाजांत आहेत. मुंबईंत इब्रानी व इंग्रजी नांवें परत आलीं. मुसाजीचा पुन्हां मोझेस झाला, समाजीचा सॅम्युएल झाला. परंतु आडनांवास कोणी हात लावला नाहीं. पहिल्या नांवानें ते जगाचे झाले, शेवटच्या नांवानें गांवचे राहिले.

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र झालें. त्या वेळीं भारतांत ह्या समाजाची संख्या सुमारें वीस हजार होती. पुढच्या दोन-तीन दशकांत तींतील बहुतेक माणसें तिकडे गेलीं. ज्यांची ओळख हजारों वर्षें त्या देशाच्या नांवानें सांगितली गेली, त्यांना तेथें तरी पुरावा मागितला जाणार नाहीं अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. घडलें निराळें. वाळवंटांतील नव्या वसाहतींत कामाची व वागणुकीची तक्रार घेऊन कांहीं कुटुंबांनीं सत्याग्रह केला आणि तीं १९५२ सालीं परतहि आलीं. पुढें तेथल्या धर्माधिकाऱ्यांनीं ह्या समाजाच्या विवाहांच्या वेळीं वंशाची चौकशी व्हावी असा हुकूम काढला. पुन्हां तीच १८३६ ची भिंत! समाजानें चळवळ केली, यरुशलेमेंत धरणें धरलें, आणि १९६४ सालीं तेथल्या लोकसभेनें बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच होत असा निर्वाळा दिला. आज दिमोना, अश्दोद, बीरशेबा ह्या गांवीं मराठी बोलणारीं घरें आहेत. ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक तेथें निघालें. नवस फेडतांना पोहे, नारळ, साखर व फळें यांचा मलिदा एलियाहू हन्नाबीच्या नांवानें तेथेंहि होतो. भारतांत मागें राहिलेल्यांसहि कागदी ओळखीसाठीं थांबावें लागलेंच. महाराष्ट्र सरकारनें यहुद्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला तो २०१६ सालीं.

ह्या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य काय? गांव सोडणाऱ्यानें गांव विसरावें, असें व्यवहारी लोक सांगतात. गांव सोडूंच नये, असें हळवे लोक सांगतात. बेने इस्रायलांनीं दोन्ही मतें मानलीं नाहींत. ते निघाले, पण निघतांना ओझें नेमकें कोणतें न्यावयाचें हें त्यांस कळलें होतें. घर, घाणा, वाडी हीं मागें टाकलीं. एक वार, एक प्रार्थना, एक पक्वान्न आणि एक आडनांव बरोबर घेतलें. आणि नव्या ठिकाणीं ‘तुम्ही कोण?’ असें विचारलें गेलें तेव्हां रागावून किंवा लाजून स्वस्थ न बसतां त्यांनीं मंदिर बांधलें, शाळा काढली, ग्रंथ लिहिला. ओळख ही वारशानें मिळते खरी. पण शहरांत ती कमवावी लागते, आणि चार माणसांनीं मिळून कमवावी लागते.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही अलिबागेस गेलों होतों. आतां मचव्याची व भरतीची वाट पाहावी लागत नाहीं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाडी बोटींत चढवून मांडव्यास उतरतां येतें, आणि २०२४ च्या जानेवारींत शिवडी-न्हावा शेवा सेतु खुला झाल्यापासून समुद्रावरूनच गाडी जाते. पूर्वीं किनारा मुंबईस जात असे, आतां मुंबईच किनाऱ्यावर येत आहे. आमच्या गांवच्या वाड्यांतून उंच कुंपणाचे बंगले झाले आहेत. त्यांत शनिवारीं-रविवारीं येणाऱ्या मंडळींस गांवकरी नांवानें ओळखत नाहींत, आणि तेहि गांवकऱ्यांस ओळखत नाहींत. इस्रायल आळींतून जातांना एका दुकानदारास आम्हीं विचारलें, ‘येथें आतां किती घरें राहिलीं आहेत?’ त्यानें बोटांवर मोजलीं. मग तो आपण होऊन म्हणाला, ‘बाहेरून येतात अधूनमधून. आडनांव सांगतात, आणि गांव कोठें म्हणून विचारतात. आम्ही वाट दाखवितों.’

परत आल्यावर आम्ही ठाण्याच्या त्या वृद्ध गृहस्थांस भेटलों आणि त्यांच्या आडनांवाच्या गांवीं कोणत्या फांट्यावरून वळावें तें एका कागदावर लिहून दिलें. कागद घडी करून खिशांत ठेवतांना ते म्हणाले, ‘जाईन न जाईन, पण वाट आहे हें बरें झालें.’